खांबावरचा ठिपका

ऑडिटचंही ऑडिट होतं, हे नम्रता पष्टेला नोकरीला लागल्यावर कळलं. आधी कळलं असतं तर ती शाळेत शिकवायला लागली असती. मास्तरांनी शिकवलेलं कुणी मागाहून येऊन पुन्हा शिकून बघत नाही.

तिचं काम शहापूर तालुक्यातल्या ग्रामपंचायतींचं. दप्तर तपासायचं, गावात बांधलेली कामं जाऊन बघायची, आणि 'प्रत्यक्ष पाहिले' असं लिहून खाली सही करायची. दोन हजार चारच्या मार्चमध्ये वरच्या कार्यालयाने गुणवत्ता तपासणी नावाचा नवा प्रकार काढला. म्हणजे एक मोठे साहेब येणार, ऑडिटरने पाहिलेल्या कामांतलं एखादं निवडणार आणि स्वतः जाऊन बघणार. काम जागेवर सापडलं तर 'जुळते'. नाही सापडलं तर सही करणाऱ्याची चौकशी आणि त्याच्या वर्षभराच्या सगळ्या सह्या बाद. नम्रताचं प्रोबेशन महिनाअखेर संपत होतं. चौकशी लागलेल्या माणसाला कुणी कायम करत नाही. त्याला घरी पाठवतात, आणि घरचे विचारतात, एवढ्या लवकर कशी आलीस?

साहेबांचं नाव वेखंडे. त्यांनी शहापूरमधून धामणपाड्याची स्मशान शेड निवडली आणि मुरबाडमधून हेदूवाडीची स्मशान शेड.

"दोन्ही स्मशान शेडच का सर?" नम्रताने जीपमध्ये विचारलं.

"तिथे गर्दी नसते," साहेब म्हणाले.

धामणपाडा शेणव्याच्या पुढे, किन्हवलीच्या रस्त्याला. सरपंच काळूराम वेशीवरच उभे होते, धुतलेला सदरा, हातात टोपी. शेड गावाबाहेर ओढ्याकाठी होती. सिमेंटचा चौथरा, त्यात रोवलेल्या कपांमध्ये उभे केलेले लोखंडी पाइप, वर निळे पत्रे. सगळं नटबोल्टवर. चौथऱ्यावर मधोमध, जिथे चिता रचायची तिथे, एक म्हातारी पाय पसरून बसली होती. मांडीवर सूप, सुपात वाल.

"ही रखमी आजी," काळूराम घाईने म्हणाले. "ए आजी, ऊठ गो. साहेब आलेत."

"मंग येऊ दे की. जागा लय हाय."

"आजी, इथे का बसता?" साहेबांनी विचारलं.

"मेल्यावर येयाचंच हाय ना? आत्ताच सवय करतंय."

साहेबांनी वही काढली. "आतापर्यंत किती दहनं झाली इथे?"

काळूरामांनी टोपी या हातातून त्या हातात घेतली. "एक बी नाय साहेब."

"गावात कोणी वारलंच नाही?"

"वारले की. पन पयला मान कोन घेनार? नव्या शेडमंदी पयली चिता आपल्या घरची नको, असं समद्यांचं. म्हनून आमी तिकडं वढ्याच्या पल्याड, जुन्या जागेवर जाळतो. कुनीतरी एकानं सुरुवात केली की मंग होईल चालू."

"मी करतंय बोलली तर पोरं वराडतात," रखमी आजी वाल सोलत म्हणाली.

साहेबांनी लिहिलं, 'वापर नाही.' मग चष्म्यावरून नम्रताकडे बघितलं. "तुम्ही डिसेंबरात पाहिलेली शेड हीच, कशावरून?"

नम्रता याचीच वाट बघत होती. ती ओढ्याकडच्या खांबाशी गेली आणि मागच्या अंगाला, कमरेच्या उंचीवर, बोट ठेवलं. तिथे तांबड्या नेलपॉलिशचा ठिपका होता, आणि त्याच्या खाली नखाएवढी आडवी रेघ.

"मी पाहिलेल्या प्रत्येक वस्तूवर खूण करते सर. म्हणजे तीच वस्तू कुणी दुसरीकडे दाखवू शकत नाही. साईनाथ सरांनी शिकवलं."

साईनाथ निमसे म्हणजे मुरबाडचा ऑडिटर. नम्रता नवी असताना पहिले सहा महिने ती त्याच्याच हाताखाली होती. सतरंज्या मोजायच्या असल्या तर सरपंच त्याच सतरंज्या पुढच्या दाराने दाखवतात आणि मागच्या दाराने पुन्हा आणतात, हे त्याने तिला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. तो स्वतः मात्र खुणा करत नसे. शिकवणाऱ्याने शिकवलेलंही पाळायचं म्हटलं तर त्याला दोन पगार द्यावे लागतील, असं तो म्हणे.

साहेब वाकून ठिपका बघत होते. बराच वेळ बघत होते.

"नेलपॉलिश सरकारी आहे?"

"नाही सर. माझी."

"मग ठीक." आणि त्यांनी शाईने लिहिलं, 'जुळते.'

नम्रताच्या छातीतला एक नट सैल झाला. अर्धं काम पार पडलं होतं. दुसरी शेड साईनाथची होती, तिचं तिथे काही जाणार नव्हतं.

"आता हेदूवाडीचा रस्ता सांगा," साहेब काळूरामांना म्हणाले.

काळूरामांचा चेहरा चौथऱ्यासारखा झाला. "हेदूवाडी? आत्ता? आजच?"

"आत्ताच."

"आमच्या व्याह्यांचं गाव ते. गोमा सरपंच. आमची मुलगी दिली तिकडं." मग एकदम, "जेवून जावा साहेब. कोंबडी शिजतेय."

"तपासणीच्या गावात मी पाणीही पीत नाही."

"कायच नाय खानार?" काळूरामांच्या आवाजात खरी कळकळ होती. "मंग रस्त्यात तरी कुठं थांबाल ना? जरा येळ?"

हा प्रश्न नम्रताला विचित्र वाटला. पण नोकरी टिकण्याच्या आनंदात माणसाला बरंच काही विचित्र वाटून सुटून जातं.

साहेबांचं तत्त्व पक्कं होतं. गावात जेवायचं नाही म्हणून त्यांनी किन्हवलीच्या अलीकडे मोहाच्या झाडाखाली जीप थांबवली आणि घरचा डबा उघडला. ते फार सावकाश जेवत. प्रत्येक घास तोंडात घेतल्यावर तो मंजूर करायचा की नाही याचा विचार चालू असल्यासारखे चघळत. ते चघळत असताना मागून एक टेम्पो आला आणि धूळ उडवत पुढे गेला. टेम्पोत भाताचा पेंढा, पेंढ्यावर पाचसात माणसं. त्यातल्या एकाने साहेबांना रामराम घातला. पेंढ्याखाली काहीतरी खडखडत होतं. पेंढा खडखडत नाही, हे नम्रताच्या मनात आलं आणि तिने ते परत पाठवलं.

पुढे सरळगावच्या अलीकडे त्याच टेम्पोने त्यांना गाठलं, म्हणजे त्यांनी टेम्पोला गाठलं आणि टेम्पो बाजूला होईना. जीपचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. पेंढ्यावरची माणसं मागे बघून हात जोडत होती, आणि टेम्पो रस्त्याच्या मधोमध, वरातीच्या पुढे नवरदेवाचा घोडा चालावा तसा, चालला होता. शेवटी तो हेदूवाडीच्या फाट्याला वळला. जीपही वळली.

"ह्या गावचाच दिसतोय," साहेब म्हणाले.

हेदूवाडीत साईनाथ मोटारसायकल लावून उभा होता. पांढराशुभ्र शर्ट, खिशाला पेन. यंदा बढतीच्या यादीत त्याचं नाव होतं, आणि ते नाव खाली घसरायला आजच्या वहीतलं एक वाक्य पुरे होतं. त्याने नम्रताकडे बघून भुवई उडवली. तुझं झालं का? तिने मान हलवली. तो हसला.

गोमा सरपंच मात्र हसत नव्हते. ते घामाने भिजले होते. "आधी मारुतीचं दर्शन घ्या साहेब. मंग शाळा बघा. मंग आमची विहीर."

"शेड."

"शाळेची भिंत नवी हाय."

"मला मेलेल्यांची सोय बघायची आहे. जिवंतांची नंतर."

तरी गोमा सरपंचांनी त्यांना गावाच्या उलट्या बाजूने, गोठ्यांच्या मागून, एका बांधावरून आणि एकदा चुकून त्याच गोठ्यांच्या मागून पुन्हा नेलं. शेवटी शेड दिसली. सिमेंटचा चौथरा, लोखंडी पाइप, निळे पत्रे. शेजारी बाभळीखाली दोन माणसं दमून बसली होती. एकाच्या लेंग्याच्या खिशातून पाना डोकावत होता. पत्र्याच्या कडेला भाताच्या पेंढ्याच्या दोन काड्या लटकत होत्या.

"उत्तम," साहेब म्हणाले आणि पेनाचं टोपण काढलं.

नम्रता सवयीने शेडभोवती फिरली. दुसऱ्याच्या तालुक्यातली शेड, तिचा काही संबंध नव्हता. पण ऑडिटरच्या पायांना सुट्टी कळत नाही. ती मागच्या खांबाशी आली आणि थांबली.

कमरेच्या उंचीवर तांबडा ठिपका. खाली नखाएवढी आडवी रेघ.

तिला आधी वाटलं, आपण इथे कधीतरी येऊन गेलोय. मग वाटलं, नेलपॉलिश आपल्या अंगावरच कुठे लागलीय आणि आपल्याला ती सगळीकडे दिसतेय. मग टेम्पो आठवला, आणि पेंढ्याखालचं खडखडणं.

तिने मान वर केली. साईनाथ तिच्याकडेच बघत होता. तिच्याकडे, मग तिच्या नजरेच्या जागेकडे. ठिपका त्यालाही दिसला. क्षणभर त्याचा चेहरा खरोखर कोरा पडला, म्हणजे त्यालाही हे आत्ताच कळत होतं. मग तो दोन पावलं चालला आणि खांबाला पाठ टेकून उभा राहिला. हाताची घडी. दमलेला माणूस उभा राहतो तसा.

"ऊन आहे," तो म्हणाला.

"साईनाथ सर," नम्रता हळू म्हणाली.

"घरी जाऊन बोलू आपण."

साहेब चौथऱ्याच्या त्या टोकाला वही धरून उभे होते. त्यांनी 'हेदूवाडी' लिहिलं होतं, पुढे काही लिहिलं नव्हतं. पेन कागदापासून बोटभर वर होतं. नम्रता गप्प राहिली असती तर ते पेन खाली आलं असतं, 'जुळते' झालं असतं, तिघंही जीपमध्ये बसून मुरबाडला चहाला गेले असते. ती कायम, साईनाथ बढतीवर, साहेब घरी. सगळ्यांचं जुळत होतं. न जुळणारा तेवढा एक ठिपका होता, आणि तो तिचा होता.

आणि बोललं तर? एकच शेड दोन गावांत दाखवली जाते, तर डिसेंबरात ती नेमकी कुठली होती? तिने सही केली ती धामणपाड्याच्या शेडवर की हेदूवाडीच्या पाहुणीवर? तिचं 'जुळते' साहेब पुसणार नाहीत कशावरून?

"सर," ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "साईनाथ सरांना खांबापासून बाजूला व्हायला सांगा."

गोमा सरपंच बाभळीकडे बघायला लागले. बाभळीखालचे दोघं उठून उभे राहिले.

"का?" साहेब म्हणाले.

साईनाथने नम्रताकडे बघितलं. त्याच्या बघण्यात राग नव्हता, तेच तिला जड गेलं. मग तो बाजूला झाला.

साहेब आले. चष्मा वर केला, खाली केला. ठिपका पाहिला. सकाळी पाहिला होता त्यापेक्षाही जास्त वेळ पाहिला.

"तुम्ही हेदूवाडीला याआधी कधी आला होतात?"

"आज पहिल्यांदा."

"आमची शेड आमचीच हाय साहेब," गोमा सरपंच म्हणाले. "ठिपके काय, पोरीबाळी कुठं बी लावतात."

"खरं आहे," साहेब म्हणाले. "नेलपॉलिश बाजारात मिळते. ठिपका कोणीही लावू शकतो." ते नम्रताकडे वळले. "तुम्ही म्हणता त्याचा अर्थ काय होतो, कळतंय ना? ह्यांची सही खोटी. आणि सकाळची माझी सहीसुद्धा मग फार खरी राहत नाही. धामणपाड्याला परत जाऊ. शेड तिथे जागेवर असली, तर तुमच्याबद्दल काय लिहायचं ते मी लिहीन."

"हो सर."

"निमसे, तुम्ही इथेच थांबायचं. ही शेड हलता कामा नये."

जीप वळताना नम्रताने मागे पाहिलं. साईनाथ एकटा चौथऱ्यापाशी उभा होता, भोवती गोमा सरपंच आणि बरीच माणसं जमत होती. खांब त्याच्या हाताशी. एक चाकू, एक खडा, पेट्रोलमध्ये बुडवलेलं बोट. ठिपका पुसायला एवढं पुरेसं होतं. पुसला की राहणार होता फक्त नम्रताचा शब्द. आणि प्रोबेशनवरच्या मुलीचा शब्द म्हणजे पेन्सिलने लिहिलेला.

सगळ्या वाटेत नम्रता रस्त्यावर समोरून येणारा प्रत्येक टेम्पो बघत होती. एकात म्हशी होत्या, एकात विटा. विटा बघूनही तिला शंका आली.

मध्येच एक भयंकर विचार तिच्या डोक्यात आला. दोन शेड असतील तर? धामणपाड्याची धामणपाड्यात असेल, आणि ठिपका कुणी चेष्टा म्हणून तिथेही लावला असेल? साईनाथला चेष्टा आवडायची. तिने डोळे मिटले. मिटल्यावरही समोर ठिपकाच होता.

धामणपाड्याला जीप ओढ्याशी थांबली.

शेड नव्हती. चौथरा होता, चौथऱ्यात रिकामे कप होते, आणि मधोमध, सकाळच्याच जागी, सकाळच्याच पसरल्या पायांनी, रखमी आजी बसली होती. डोक्यावर काळी छत्री. मांडीवर सूप.

नम्रता जीपमधून उतरली आणि तिने रिकामे कप मोजले.

"आजी," साहेब म्हणाले, "शेड कुठे गेली?"

"सासरी."

"कुणाच्या?"

"शेडच्या. दर साली जाते. काम झालं की येते परत. मी उठायची नाय बोलली, तर भाड्यांनी माझ्या डोक्यावरूनच पत्रे काडले." तिने छत्री नीट केली. "नट पडला एक सुपात. ह्यो बघा."

तिने वालांतून नट काढून दिला. साहेबांनी तो हातात घेतला आणि वजन करत असल्यासारखा धरला.

काळूराम धावत आले. "रंगवायला नेली साहेब. गंज धरला व्हता."

"काय रंगवतोस रे काळू," रखमी आजी म्हणाली.

काळूराम थांबले. टोपी डोक्यावरून काढली, चौथऱ्याच्या कडेवर बसले आणि बोलू लागले. "व्याह्यांची शेड वाऱ्यानं नेली. नवी व्हती, खरीच बांधलेली, तुमची शपथ. एका रातीत गेली. खांब वाकले, ते भंगारात गेले. पत्रे अख्ख्या गावावर पडले. ज्याच्या गोठ्यावर जो पडला तो त्याचा झाला. तुमी आज गोठ्यांमागनं फिरला ना? निळे पत्रे दिसले नायत?"

नम्रताला दिसले होते. दोनदा.

"मग तसं लिहून द्यायचं," साहेब म्हणाले.

"दिलं. तिकडचा ग्रामसेवक बोलला, कागदावर वाऱ्याचा रकाना नाय. चोरी झाली असं लिवा. आता साहेब, वाऱ्याला चोर कसं लिवायचं? आमचा भाताचा धंदा. वाऱ्यावर तर उपनतो." काळूरामांनी टोपी गुडघ्यावर ठेवली. "आन पोरगी दिलीय तिकडं. व्याही हात जोडून आला. नाय कसं बोलू? निमसे साहेबांना कायच ठावं नाय. त्यांना दर साली ही शेड दाखवली, त्यांनी बघितली, सही केली. बघितली हे खोटं नाय."

साहेब वही उघडून उभे राहिले. सकाळच्या 'जुळते'कडे बघत होते.

"तुमची सही खरी," ते नम्रताला म्हणाले. "शेड ह्या गावची आहे. पण ठिपक्याशिवाय मी हे सिद्ध कसं करणार? ठिपका तिकडे आहे, आणि ज्याच्या ताब्यात आहे त्याला तो नको आहे."

"हो सर."

"आतापर्यंत त्याने काय केलं असेल?"

नम्रता हेदूवाडीच्या रस्त्याकडे बघत राहिली. तिला साईनाथच्या शर्टाची पांढरी पाठ आठवत होती.

ऊन उतरायला लागलं तेव्हा रस्त्यावर धूळ दिसली. टेम्पो. तो ओढ्याच्या वळणावर आला, त्याला जीप दिसली, तो थांबला आणि मागे जाऊ लागला. मागे गाईगुरं होती. तेव्हा तो पुन्हा पुढे आला, नाइलाजाने. ह्या वेळी पेंढा नव्हता. निळे पत्रे उघडे, पाइप उघडे, आणि पाइपांवर पाय सोडून साईनाथ निमसे बसला होता. शर्ट आता पांढरा नव्हता.

तो खाली उतरला. साहेबांसमोर उभा राहिला.

"शेड हलू देऊ नका म्हणालात सर. शेड हलली. तुम्हाला ती इथे सापडावी म्हणून सगळ्या गावाने मिळून हलवली, मी एकटा होतो. म्हणून मी शेड सोडली नाही."

"आणि खूण?"

साईनाथने टेम्पोतून एक पाइप अर्धा ओढून काढला. पाइपाला मध्यावर त्याचा रुमाल घट्ट बांधलेला होता, वर सुतळीचे वेढे. त्याने गाठ सोडायला घेतली. ती सुटेना, तेव्हा दातांनी सोडली. रुमालाखाली तांबडा ठिपका होता, आणि नखाएवढी रेघ.

"पत्र्यांवर घासून गेला असता," तो म्हणाला.

साहेबांनी ठिपका पाहिला. मग साईनाथकडे पाहिलं. मग वही चौथऱ्यावर, रखमी आजीच्या सुपाशेजारी, ठेवून लिहायला बसले. नम्रताच्या ओळीपुढचं 'जुळते' तसंच ठेवलं. हेदूवाडीच्या ओळीशी त्यांचं पेन फार वेळ थांबलं. शेवटी त्यांनी लिहिलं, 'जुळत नाही. पाहणीवेळी शेड प्रवासात.' थोडं थांबून खाली आणखी एक ओळ लिहिली, 'चौकशी व्हावी. खूण संबंधित लेखापरीक्षकाने सुरक्षित ठेवली.' ह्या दोन वाक्यांचा एकमेकांशी काय संबंध लावायचा, ते त्यांनी वरच्या कार्यालयावर सोडलं.

माणसं पाइप उभे करायला लागली. रखमी आजी ह्या वेळीही उठली नाही, तिच्याभोवतीच खांब उभे राहिले. तिने तेवढी छत्री मिटली.

नम्रता साईनाथच्या शेजारी जाऊन उभी राहिली. रुमाल त्याने खिशात ठेवला नव्हता, हातातच होता.

"सर, मी..."

"खूण बरोबर केली होतीस," साईनाथ म्हणाला. शेडवर पहिला पत्रा चढत होता, तिकडे तो बघत होता. "पुढच्या वेळी फक्त गुडघ्याच्या खाली लाव. कमरेच्या उंचीला माणूस टेकतो."